बेसचा ठोका, स्पीकरला धोका

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बँडचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. दोन-तीन गाणी झाली की गिटारवादक मागे सरकतो, ड्रम्सचा ठेका जरा संथ होतो आणि इतका वेळ कोपऱ्यात उभा राहून निमूटपणे साथ करणारा बेसवादक पुढे येतो. त्याच्या अंगठ्याचा तडाखा जाड तारेवर बसतो, तर्जनी बारीक तार खेचून सोडते आणि ‘धप्-टक्, धप्-टक्’ अशा ठोक्यांवर सभागृह डोलू लागते. उत्साहाच्या भरात वादक अॅम्प्लिफायरचे बटण आणखी थोडे पिळतो. मग मागच्या पेटीतून कागद फडफडल्यासारखा आवाज येतो, तो चिरका होतो आणि काही वेळाने करपल्याचा वास मंचावर पसरतो.

भाड्याने आणलेल्या सामानाची अनामत रक्कम तर जातेच. पण त्याहून महागात पडतो तो या प्रसंगातून काढला जाणारा निष्कर्ष. ‘अॅम्प्लिफायरच कमी ताकदीचा होता,’ असे म्हणून मंडळी पुढच्या वेळी अधिक वॅटचा अॅम्प्लिफायर मागवतात आणि पुन्हा स्पीकर फाडून घेतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातलाच हा प्रकार. स्पीकर नेमका कशाने मरतो हे समजून घेतले, तर ठोका तितकाच दमदार ठेवून तो वाचवता येतो.

गरजेतून जन्मलेले तंत्र

लिओ फेंडर यांनी अमेरिकेत १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले. त्यापूर्वी बेसवादकाला माणसाएवढ्या उंचीचे डबल बेस उभे धरून वाजवावे लागे. नव्या वाद्याची स्वतंत्र गरज ओळखून १९५२ मध्ये फेंडर कंपनीने ‘बेसमन’ हा अॅम्प्लिफायर काढला. त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. बोटांनी हळुवार तारा छेडण्याचा तो काळ असल्याने तेवढे पुरेसे होते.

पुढे साठच्या दशकात लॅरी ग्रॅहम हा कॅलिफोर्नियातील तरुण आपल्या आईबरोबर कार्यक्रम करीत असे. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने बेस गिटार भाड्याने आणली. नंतर साथीला ड्रमवादकही उरला नाही. तेव्हा मोठ्या ड्रमची उणीव भरून काढण्यासाठी तो जाड तारेवर अंगठा आपटू लागला आणि छोट्या ड्रमच्या ठोक्यासाठी बारीक तार बोटाने खेचून सोडू लागला. ‘स्लॅप’ आणि ‘पॉप’ या नावांनी आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या वादनशैलीचे हे मूळ. ग्रॅहम पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडमध्ये गेला आणि ही शैली सर्वदूर पोहोचली. लुई जॉन्सन, मार्कस मिलर, व्हिक्टर वूटन अशा वादकांनी तिला पुढचे पैलू पाडले. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी बेस गिटारला हिंदी चित्रपटगीतांत मानाचे स्थान मिळवून दिले, तर शहरोशहरीच्या ऑर्केस्ट्रांनी ती घराघरांतल्या श्रोत्यांच्या कानांपर्यंत नेली.

वाद्य जसे आक्रमक होत गेले, तशी यंत्रेही मोठी होत गेली. १९६९ मध्ये आलेला अॅम्पेग कंपनीचा ‘एसव्हीटी’ हा अॅम्प्लिफायर ३०० वॅटचा होता आणि त्याला दहा इंची आठ स्पीकर असलेली प्रचंड पेटी जोडली जाई. सुरुवातीच्या काळात एका पेटीला हा भार पेलवेना म्हणून दोन पेट्या जोडण्याची पद्धत होती. म्हणजे अॅम्प्लिफायरची शक्ती आणि स्पीकरची सहनशक्ती यांतली ओढाताण बेस अॅम्प्लिफायरच्या इतिहासाइतकीच जुनी आहे.

स्पीकरच्या पोटात

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेली स्पीकरची रचना मूलतः अजूनही कायम आहे. ‘कोन’ नावाने ओळखला जाणारा कागदी शंकू, त्याच्या मागच्या टोकाला चिकटवलेले तांब्याच्या तारेचे छोटे वेटोळे आणि त्या वेटोळ्याभोवती शक्तिशाली चुंबक, हे त्याचे मुख्य भाग. या वेटोळ्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. तिच्यातून विद्युतप्रवाह गेला की ती चुंबकाच्या फटीत पुढे-मागे हलते. तिच्याबरोबर कोन हलतो आणि कोनाबरोबर हवा. कोनाच्या कडेची लवचिक किनार आणि मागच्या बाजूची, नागमोडी घड्यांची ‘स्पायडर’ नावाची कापडी चकती यांचे काम कॉइलला फटीच्या मधोमध धरून ठेवण्याचे. ही फट इतकी अरुंद असते की कॉइल जरा वाकडी झाली तरी चुंबकाच्या धातूला घासू लागते.

या यंत्रणेला मरण दोन प्रकारचे असते. पहिले धक्क्याचे. कोन पुढे-मागे किती सरकू शकतो याला मर्यादा असते आणि ती काही मिलिमीटरांचीच असते. ती ओलांडली की कॉइल चुंबकाच्या क्षेत्राबाहेर जाते आणि कोनावरचा ताबा सुटतो. त्याही पुढे गेल्यास कॉइल मागच्या धातूच्या तळावर आपटते, स्पायडर फाटतो किंवा किनार उसवते.

दुसरे मरण उष्णतेचे. स्पीकर हे अत्यंत उधळे यंत्र आहे. त्याला दिलेल्या विद्युतशक्तीपैकी शेकडा काही टक्केच आवाजात रूपांतरित होते. उरलेली सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. ३०० वॅट देणे म्हणजे बोटभर रुंदीच्या वेटोळ्यात एखादी छोटी इस्त्री पेटवण्यासारखे आहे. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो आणि आवाज थोडा उतरतो. ‘आवाज कमी झाला’ असे वाटून वादक बटण आणखी वाढवतो आणि कॉइल आणखी तापते. शेवटी तिचा डिंक वितळतो, वेटोळे सुटते किंवा तार जळून तुटते.

स्लॅप इतका जड का जातो?

चार तारांच्या बेसवरची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे सेकंदाला ४१ कंपने. पाचतारी बेसची सर्वांत खालची तार तर ३१ हर्ट्झच्या जवळपास जाते. येथे भौतिकशास्त्राचा एक कठोर नियम आड येतो. तेवढ्याच मोठ्या आवाजात स्वर एका सप्तकाने खाली न्यायचा, तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते. चारतारी बेसवरून पाचतारी बेसवर येऊन सर्वांत खालची तार तितक्याच जोमाने ऐकवायची, तर कोनाची धाव जवळजवळ पावणेदोनपट होते. स्वर एक सप्तक खाली आणणारे ‘ऑक्टेव्ह पेडल’ लावले, तर चारतारी बेसची जाड तार थेट २० हर्ट्झवर जाते. तो स्वर माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येतो. पण कोन मात्र बिचारा जीव तोडून हलत राहतो.

स्लॅपमध्ये याहून वेगळी अडचण आहे. तारेवर अंगठा आदळतो तेव्हा स्वर उमटण्याआधी तार क्षणभर पिकअपच्या दिशेने ढकलली जाते. त्यातून स्वराच्याही खालच्या कंपनसंख्येचा एक धक्का अॅम्प्लिफायरमध्ये शिरतो. हा धक्का संगीत नसतो. पण कोनाला तो पूर्ण ताकदीने जाणवतो. शिवाय ठोक्याचे शिखर त्यापाठोपाठच्या स्वरापेक्षा कितीतरी उंच असते. शिखर सरासरीपेक्षा १० डेसिबलने वर असेल, तर त्या क्षणी दहापट शक्ती लागते. सरासरी ३० वॅटवर निवांत चाललेले वादन एका ठोक्यासरशी ३०० वॅट मागते ते असे.

त्यात स्लॅप वाजवणाऱ्यांची आवडती स्वरसजावट भर घालते. खर्ज वाढवलेला, मधले स्वर दाबलेले आणि तार स्वर पुन्हा वाढवलेले, अशी इक्वलायझरची रचना घरी एकट्याने वाजवताना कानाला गोड लागते. मात्र खर्जाचे बटण १२ डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या पट्ट्यात अॅम्प्लिफायरकडे सोळापट शक्ती मागणे होय. तीच रचना घेऊन ड्रम्स आणि गिटारच्या गदारोळात उभे राहिले, की मधले स्वर नसल्यामुळे बेस ऐकूच येत नाही. मग एकूण आवाज वाढवला जातो आणि वाढतो तो प्रामुख्याने खर्ज. म्हणजे ऐकू येण्यासाठी लागणारी गोष्ट कापायची आणि स्पीकर फाडणारी वाढवायची, असा हा उलटा व्यवहार ठरतो.

छोट्या अॅम्प्लिफायरबद्दलचा गैरसमज

‘कमी वॅटचा अॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो’ हे वाक्य वाद्यांच्या दुकानांत हमखास ऐकू येते. त्यात अर्धेच तथ्य आहे. छोटा अॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेत वाजवला, तर मोठ्या स्पीकरला काहीही होत नाही. अडचण होते ती त्याला मर्यादेबाहेर पिळल्यावर. तेव्हा ध्वनिलहरींचे माथे छाटले जाऊन त्या सपाट होतात. याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. पूर्ण सपाट झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लहरीपेक्षा दुप्पट शक्ती असते. शिवाय या छाटणीतून उच्च कंपनसंख्येचे नवे स्वर निर्माण होतात. ते पेटीतल्या छोट्या ट्वीटरकडे जातात आणि पहिला बळी बहुधा त्याचाच पडतो.

उलट बाजूने, अॅम्प्लिफायर स्पीकरपेक्षा बराच मोठा असेल, तर लहरी शुद्ध राहतात. पण कोनाला मर्यादेबाहेर फेकण्याइतकी ताकद वादकाच्या हाती येते. म्हणून पेटीवर छापलेला वॅटचा आकडा हे अभयपत्र नव्हे. तो आकडा सामान्यतः कॉइल किती उष्णता सहन करील हे सांगतो. खालच्या स्वरावर कोन किती धावेल हे सांगत नाही. ५०० वॅटची पेटी ३१ हर्ट्झच्या स्वरावर त्याच्या निम्म्याहून कमी शक्तीतही तळाला लागू शकते.

पेटीची रचनाही येथे निर्णायक ठरते. पूर्ण बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखे काम करते आणि कोनाला आवरून धरते. समोर भोक असलेली ‘पोर्टेड’ पेटी कमी शक्तीत अधिक खर्ज देते. पण ती ज्या कंपनसंख्येसाठी जुळवलेली असते, तिच्या खाली गेल्यावर हवेचा हा आधार नाहीसा होतो. कोन मग मोकाट सुटतो. स्लॅपमधला तो खालचा धक्का नेमका याच पट्ट्यात बसतो.

उपाय : हातापासून सुरुवात

पहिला उपाय फुकट आहे आणि तो वादकाच्या मनगटात आहे. डग्ग्यावर घुमारा काढणारा जाणता तबलावादक ताकद लावत नाही. दाब आणि सुटका यांचा मेळ साधतो. स्लॅपचेही तसेच आहे. अंगठा फिंगरबोर्डच्या शेवटच्या टोकापाशी तारेवर आदळून लगेच उसळला पाहिजे. तो दाबून राहिला, तर स्वर मरतो आणि नुसता धक्का उरतो. तार बोटाने खेचतानाही ती थोडीशी उचलून सोडणे पुरे. अंगावर काढल्यासारखी ओढण्याची गरज नसते. तारा फिंगरबोर्डपासून फार उंच नसतील, तर कमी जोरात तोच खणखणीतपणा मिळतो. खेचलेला स्वर अंगठ्याच्या ठोक्यापेक्षा भरमसाट मोठा येत असेल, तर आधी हात सुधारावा, मग बटणांकडे वळावे.

दुसरा उपाय स्वरसजावटीचा. खर्ज वाढवण्याऐवजी मधले स्वर थोडे वाढवून पाहावेत. बँडमध्ये बेस अचानक ‘दिसू’ लागतो आणि एकूण आवाज कमी करता येतो. पेटी जमिनीवर भिंतीलगत ठेवली, तर खर्ज आपोआप वाढतो. त्यासाठी वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही.

तिसरा आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ‘हाय-पास फिल्टर’. ठरावीक कंपनसंख्येच्या खालचे सारे तो अडवतो आणि वरचे जाऊ देतो. बेससाठी ही सीमा साधारण ३० ते ४० हर्ट्झवर ठेवतात. खर्ज कापला तर बेसचा प्राणच जाईल, अशी भीती वादकाला वाटते. पण ती निराधार आहे. जुन्या लँडलाइन दूरध्वनीवरून ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर जवळजवळ पोहोचतच नसत. तरीही पलीकडच्या पुरुषाचा भारदस्त आवाज भारदस्तच ऐकू येई. वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर जुळवून घेण्याची कला मेंदूला अवगत असते. बेसचा स्वरही कान असाच ओळखतो. अनेक नव्या अॅम्प्लिफायरांत हा फिल्टर असतो; नसल्यास तो छोट्या पेडलच्या रूपात मिळतो.

चौथा उपाय कंप्रेसर किंवा लिमिटरचा. आवाज ठरलेल्या पातळीवर गेला की ही यंत्रे त्याला आवरतात. येथे एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही. कंप्रेसर किती लवकर जागा व्हावा हे ठरवणारे ‘अटॅक’ नावाचे बटण असते. ठोका उठून दिसावा म्हणून स्लॅपवादक ते मंद ठेवतात. त्यामुळे सूर सुरेख येतो. पण स्पीकरला मारणारे शिखर तोवर निसटून गेलेले असते. अशा कंप्रेसरवर संरक्षणासाठी विसंबता येत नाही. संरक्षण हवे तर अटॅक काही मिलिसेकंदांचा किंवा त्याहून कमी हवा आणि लिमिटर साखळीत शेवटी, म्हणजे इक्वलायझर व इतर पेडलच्या नंतर हवा. रखवालदार दाराशीच उभा असावा लागतो.

जोडणीतली शिस्त

उत्तम वादकाचाही स्पीकर चुकीच्या जोडणीने जातो. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार ४ ओहमचा होतो. अॅम्प्लिफायरवर किमान जितके ओहम लिहिले असतील, त्याखाली जाऊ नये. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तर पेटी न जोडता कधीच चालू करू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. वाद्याची केबल आणि स्पीकरची केबल दिसायला सारखी असली, तरी वाद्याची बारीक केबल स्पीकरला लावणे धोक्याचे. सर्व यंत्रे सुरू करताना अॅम्प्लिफायर शेवटी सुरू करावा, बंद करताना आधी बंद करावा. वाद्याची पिन काढण्या-घालण्यापूर्वी आवाज शून्यावर आणावा. त्यावेळी होणारा ‘फाट्’ असा धक्का कुठल्याही स्लॅपहून वाईट असतो.

बॅटरीवर चालणाऱ्या ‘अॅक्टिव्ह’ बेसचा संदेश अधिक जोरकस असतो. त्यासाठी अॅम्प्लिफायरवर वेगळी जागा किंवा संदेश कमी करणारे बटण दिलेले असते. ते वापरावे. सरावाच्या खोल्यांत बेस सर्रास साध्या गिटारच्या अॅम्प्लिफायरमध्ये खुपसली जाते. गिटारचा स्पीकर फार थोडे अंतर हलण्यासाठी बनवलेला असतो; त्यावर स्लॅप म्हणजे त्याच्या मरणाला आमंत्रणच. अगदी नाइलाज असेल तर आवाज लहान, खर्ज शून्य आणि स्लॅप वर्ज्य, हे पथ्य पाळावे.

मोठ्या सभागृहात किंवा उघड्या मैदानावर तर एका पेटीने सारे श्रोते जिंकण्याचा अट्टहास सोडावा. बेसचा संदेश ‘डीआय बॉक्स’मधून थेट मुख्य ध्वनियंत्रणेकडे द्यावा आणि मंचावरची पेटी स्वतःला ऐकण्यापुरती ठेवावी. ती खुर्चीवर किंवा स्टँडवर कानाच्या दिशेने तिरपी ठेवली, तर फरक लगेच जाणवतो. गुडघ्यापाशी वाजणारी पेटी वादकाला ऐकू येत नाही म्हणूनच तर ती वाढवली जाते. यात स्पीकरइतकाच कानांचाही लाभ आहे. फाटलेला कोन बदलता येतो, बहिरेपण बदलता येत नाही.

स्पीकर बोलतो, ऐकायला हवे

स्पीकर सहसा अचानक मरत नाही. आधी तक्रार करतो. खालच्या स्वरावर फडफड झाली किंवा ‘टक्’ असा कोरडा आवाज आला, तर कोन मर्यादेबाहेर जातो आहे असे समजावे आणि त्याच क्षणी खर्ज कमी करावा. करपल्याचा वास आला, तर कार्यक्रम कितीही रंगला असला तरी आवाज उतरवावा. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करून, कोनावर दोन्ही बाजूंनी बोटे समान ठेवून तो हलकेच आत दाबून पाहावा. खरखर जाणवली, तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटरने मोजल्यास ८ ओहमच्या स्पीकरचा रोध साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतो. काहीच दिसले नाही, तर कॉइल तुटली आहे.

तसे झाले तरी सारे संपत नाही. चुंबक आणि सांगाडा शाबूत असतील, तर कोन आणि कॉइल नवी बसवून घेता येतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत या कामाची माहिती सहज मिळते. फक्त दुरुस्त स्पीकर पेटीत बसवण्यापूर्वी तो का गेला याचे उत्तर शोधलेले असावे. नाहीतर पहिल्याच कार्यक्रमात ‘धप्-टक्’ सुरू होते, टाळ्या पडतात, बटण पिळले जाते आणि तोच करपलेला वास पुन्हा येतो.